फिर्याद उघडी, चालान बंद

फरीदाबादहून दिल्लीकडे जाणारी जांभळ्या रंगाची मेट्रो बल्लभगढला सुरू होते. त्या स्थानकाला राजा नाहर सिंह यांचे नाव आहे. बल्लभगढचा हा तरुण राजा १८५७ च्या धामधुमीत बादशहा बहादुरशाह जफरच्या बाजूने असल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्याच्यावर खटला भरला आणि ९ जानेवारी १८५८ रोजी चांदणी चौकात त्याला फाशी दिले. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात त्याने बादशहाला लिहिलेली पत्रे होती. मेट्रोत रोज हजारो माणसे त्याच्या नावाच्या पाटीखालून जातात. खटल्याचे कागद कुठे आहेत हा प्रश्न कुणाला पडत नसेल, आणि पडावा असेही नाही. मला पडतो, कारण मी भाषांतरकार आहे आणि माझी अर्धी हयात दुसऱ्यांच्या कागदांत गेली आहे.

याच मेट्रोने केंद्रीय सचिवालयाला उतरले की जनपथावरचे राष्ट्रीय अभिलेखागार पायी गाठता येते. तिथे १८५७ च्या दिल्लीची हजारो उर्दू-फारसी कागदपत्रे आहेत. शहर बंडवाल्यांच्या ताब्यात होते त्या चार महिन्यांत कोतवालाने ठाणेदारांना धाडलेले हुकूम, दुकानदारांच्या तक्रारी, फौजेसाठी खाटा, मजूर आणि रसद गोळा करताना झालेली ओढाताण, असे सगळे त्यांत आहे. हे कागद इंग्रजांनी जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. जानेवारी १८५८ मध्ये लाल किल्ल्यात बादशहावर खटला सुरू झाला, त्यासाठी पुरावा म्हणून ते गोळा केले होते. १९२१ साली त्यांची सूची छापली गेली. त्यानंतरही कित्येक दशके फार थोड्यांनी त्यांना हात लावला, कारण शिकस्ता लिपी वाचणारे विरळ. २०१० मध्ये महमूद फारूकी यांनी त्यांतल्या निवडक कागदांचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने आणले, तेव्हा कुठे त्या शहरातला हलवाई, कसाई, भिश्ती आणि कोतवाल बोलायला लागला.

थोडक्यात, एका बाजूने सूड म्हणून साठवलेली पोलिसी कागदपत्रे दीडशे वर्षांनी त्या शहराच्या सामान्य माणसाची एकमेव साक्ष ठरली. पोलिसांच्या दफ्तराचे हे नेहमीचेच आहे. ते लिहिले जाते एका हेतूने आणि वाचले जाते दुसऱ्याच. मग ते कुणी वाचावे, केव्हा वाचावे आणि कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न निव्वळ वकिलांचा राहत नाही.

मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला दिल्लीपर्यंत यायची गरज नाही. वासुदेव बळवंत फडके जुलै १८७९ मध्ये पकडले गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी सरकारच्या हाती लागली आणि खटल्यात त्यांच्याविरुद्धच वापरली गेली. पुण्यात त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले होते. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवले गेले आणि तिथेच १८८३ मध्ये ते गेले. पण त्यांच्या लिखाणाचे इंग्रजी भाषांतर सरकारी कागदांत राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने आपल्या जुन्या गोपनीय दफ्तरातून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, तेव्हा १९५७ च्या पहिल्या खंडात हा मजकूर आला. दुष्काळात माणसे मरताना पाहून पेटलेला तो माणूस आज आपल्याला त्याच्याच शब्दांत कळतो, असे आपण म्हणतो. खरे तर तो कळतो एका सरकारी भाषांतरकाराच्या शब्दांत. तो भाषांतरकार कुणाची चाकरी करत होता हे माहीत असूनही मला त्याचे ऋण वाटते.

आणि दफ्तर उघडायला नकार, मग फेरविचार, हीही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. पुण्याचे पेशवे दफ्तर इंग्रज सरकारने दीर्घकाळ अभ्यासकांपासून दूर ठेवले. इनामे, वतने, हक्क यांचे वाद उकरले जातील ही भीती त्यामागे होती. १९३० च्या सुमारास सरकारचे मन वळले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे काम सोपवले गेले आणि चारेक वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर आले. आभाळ कोसळले नाही. मराठ्यांचा इतिहास मात्र बदलला.

आता अलीकडच्या काळाकडे येते.

डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला की पहिली खबर, म्हणजे एफआयआर, नोंदल्यापासून २४ तासांत दिल्ली पोलिसांनी संकेतस्थळावर टाकावी. १ फेब्रुवारी २०११ पासून तो अमलात आला. त्या खंडपीठाचे नेतृत्व करणारे मुख्य न्यायमूर्ती दीपक मिश्रा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांच्याच खंडपीठाने हा नियम देशभर लागू केला. २४ तासांत फिर्याद संकेतस्थळावर, जिथे जोडणी नाही किंवा भूभाग अवघड आहे तिथे फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी अशी संवेदनशील प्रकरणे वगळायची. वगळण्याचा निर्णय उपअधीक्षकाच्या किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा. अंमलबजावणीची तारीख १५ नोव्हेंबर २०१६. हेतू स्पष्ट होता. ज्याच्यावर आरोप झाला त्याला आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे ताबडतोब कळावे, म्हणजे तो वकील गाठू शकेल, न्यायालयात धाव घेऊ शकेल.

मग पुढचा प्रश्न आला. फिर्याद उघडी, तर तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जे दोषारोपपत्र सादर करतात तेही उघडे का नको? पत्रकार सौरव दास यांनी सर्वोच्च न्यायालयात ही मागणी केली. बाजू मांडायला प्रशांत भूषण होते. २० जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि सी. टी. रविकुमार यांनी याचिका फेटाळली. निकाल छोटा आहे. त्याचा आशय असा: दोषारोपपत्राच्या प्रती कुणाला द्यायच्या हे फौजदारी प्रक्रिया संहितेत ठरलेले आहे, त्या आरोपीला मिळतात. सगळ्यांसाठी खुले करणे संहितेच्या रचनेशी विसंगत आहे. त्यामुळे आरोपीच्या, पीडिताच्या आणि तपास यंत्रणेच्याही हक्कांना बाधा येईल. पुरावा कायद्याच्या कलम ७४ मध्ये सार्वजनिक दस्तऐवज म्हणजे काय ते सांगितले आहे, त्यात दोषारोपपत्र बसत नाही. माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयांना आपणहून जी माहिती प्रसिद्ध करायला सांगितले आहे, त्यातही ते येत नाही.

कबूल करते, तेव्हा मला हा निकाल बरोबर वाटला होता.

त्याला कारण माझा व्यवसाय. मी महाराष्ट्रातली दोषारोपपत्रे इथल्या वकिलांसाठी हिंदी-इंग्रजीत आणली आहेत आणि हरियाणातली कागदपत्रे मराठी कुटुंबांसाठी मराठीत. आत काय असते ते ठाऊक आहे. साक्षीदाराचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, फोन क्रमांक. वैद्यकीय तपासणीचे अहवाल. कुणी कुणाला कधी फोन केला याचे तक्ते. शेजारणीने शेजारणीबद्दल दिलेला जबाब, जो खटल्यात कधी वाचलाही जाणार नाही. पोलिसांसमोर दिलेला जबाब हा पुरावा नसतो, हे १८७२ पासून आपल्या कायद्यात मुरलेले तत्त्व आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तर न्यायालयात ग्राह्यच धरला जात नाही. मग जे न्यायालयात चालत नाही ते चौकातल्या पाटीवर का चालावे? असा माझा युक्तिवाद होता, आणि मी तो मैत्रिणींच्या बैठकीत जोरात मांडलाही होता.

एका प्रकरणाने मला तो पुन्हा तपासायला लावला.

आमच्या ओळखीतले एक मराठी कुटुंब. पंचवीसेक वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी फरीदाबादला आले, इथलेच झाले. मुलगा शिकून नोकरीसाठी महाराष्ट्रातल्या एका शहरात गेला. तिथे भाड्याच्या घरावरून मालक आणि भाडेकरू पोरांचे भांडण झाले, हाणामारी झाली, आणि फिर्यादीत सहा नावे पडली. त्यात या मुलाचेही. तो त्या दिवशी इथे, आईच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला होता. पोलिसांनी तपास केला, त्यांना ते पटले, आणि दोषारोपपत्रात पाच जणांचीच नावे राहिली. गोष्ट संपायला हवी होती.

दीड वर्षाने त्याला नवी नोकरी मिळता मिळता राहिली. कंपनीने पूर्वचौकशीसाठी नेमलेल्या लोकांना पोलिसांच्या संकेतस्थळावर ती फिर्याद सापडली होती. नाव, बापाचे नाव, गाव, सगळे जुळत होते. त्याची आई ते मराठी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, हे इंग्रजीत करून द्या, आणि शेवटी तो सुटला असे लिहा.

मी म्हटले, काकू, मला तसे लिहिता येणार नाही. कागदात नाही ते भाषांतरात कसे घालू? तो सुटल्याचा कागद आणा.

तो कागद म्हणजे दोषारोपपत्र, आणि ते तिला मिळेना. याचे कारण समजायला मला थोडा वेळ लागला, आणि समजले तेव्हा शरमल्यासारखे झाले. दोषारोपपत्राची प्रत मिळते आरोपीला. तिचा मुलगा आता आरोपी नव्हता. ज्याचे नाव वगळले तो कायद्याच्या दृष्टीने त्या प्रकरणात त्रयस्थ. त्रयस्थाने प्रत मागायची तर न्यायालयात अर्ज, शपथपत्र, कारण, तारीख. फरीदाबादहून माणूस पाठवायचा, वकील धरायचा. काही महिन्यांनी प्रत मिळाली, मी भाषांतर केले, पण तोवर ती जागा भरली गेली होती.

म्हणजे आरोप साऱ्या जगाला घरबसल्या वाचता येतो आणि त्या आरोपाचे पुढे काय झाले ते मात्र कुलपात राहते. निरपराधाचे रक्षण व्हावे म्हणून २०१६ मध्ये एक दार उघडले आणि निरपराधाचेच रक्षण व्हावे म्हणून २०२३ मध्ये शेजारचे दार उघडायला नकार दिला. दोन्ही निकाल वेगवेगळे वाचले तर समजूतदार वाटतात. एकत्र ठेवले की त्यांच्यामधल्या फटीत नेमका निरपराध माणूस अडकतो.

इथे मला भाषेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात ज्याला दोषारोपपत्र म्हणतात, त्याला इकडे हरियाणा-दिल्लीत लोक चालान म्हणतात. 'चालान पेश हो गया' म्हणजे दोषारोपपत्र न्यायालयात गेले. मराठी माणसाला चलन म्हटले की बँकेत पैसे भरायची चिठ्ठी नाहीतर वाहतूक पोलिसाचा दंड आठवतो. पहिल्यांदा एका काकांनी मला फोनवर सांगितले की पोराचे चालान झाले, तेव्हा मी विचारले होते, हेल्मेट घातले नव्हते का? पोलिसांची भाषा सामान्य माणसाला परकीच असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पोलिसांना बजावले की फिर्याद तक्रारदाराच्या शब्दांत लिहा, त्याला न कळणाऱ्या जड उर्दू-फारसी शब्दांत नको. तेव्हा अशा ३८३ शब्दांची यादीच तयार झाली होती. मराठीतही फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, जबाब, फरार हे सगळे फारसी-अरबीचेच वारस आहेत. ते आपल्या अंगवळणी पडलेत, इतकेच. पण शब्द सोपे करून कागद बंद ठेवायचा, याने काय साधते? न कळणारा कागद उघडा असला तर निदान भाषांतरकाराकडे तरी नेता येतो.

कायद्याच्या रचनेत गुप्ततेला जागा आहे आणि ती असावी. तपास अधिकारी रोज जी केस डायरी लिहितो, ती आरोपीलाही मागता येत नाही. न्यायालय ती पाहू शकते. खबऱ्याचे नाव सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. यातले काहीही मला हलवायचे नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, पण ही चौकट जवळपास तशीच राहिली. दोषारोपपत्र मात्र डायरीसारखे नाही. डायरी हा चालू तपासाचा कच्चा खर्डा असतो. दोषारोपपत्र म्हणजे तपास संपवून एका सरकारी अधिकाऱ्याने सहीनिशी काढलेला निष्कर्ष, तोही न्यायालयासमोर मांडलेला. त्यावरूनच राज्य एका नागरिकाला पिंजऱ्यात उभे करते. अशा कागदाला सार्वजनिक म्हणायचे नाही, तर त्या शब्दाचा अर्थ काय, हे मला तो निकाल पुन्हा वाचूनही उमगले नाही.

काळ लोटला की आपणच हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतो, हेही पाहण्यासारखे आहे. गांधीहत्येचा खटला १९४८ मध्ये त्याच लाल किल्ल्यात चालला जिथे नव्वद वर्षांपूर्वी बहादुरशाह जफर उभा होता. त्या खटल्याचा निकाल लागला, शिक्षा झाल्या, तरी मूळ शंका शिल्लक राहिली: २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, मग पुढच्या दहा दिवसांत पोलिसांनी काय केले? नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात सुटून आलेल्या आरोपींच्या सत्कारात ग. वि. केतकर बोलून गेले की कटाची कुणकुण त्यांना आधीच होती. त्यावरून गदारोळ उठला आणि चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. त्यात पानेच्या पाने एकाच गोष्टीवर आहेत: पाहवाने त्या रात्री दिल्ली पोलिसांना काय सांगितले, ते केव्हा लिहिले गेले, मुंबईला गेलेल्या दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी सोबतची टिप्पणी मुंबईचे उपायुक्त नगरवाला यांना दाखवली की नाही. म्हणजे वीस वर्षांनी एका न्यायाधीशाला पोलिसांच्या कागदावरच्या ओळी तपासत बसावे लागले. तपास वेळेत वाचला गेला नाही, तर तो पुढे इतिहास म्हणून वाचावा लागतो, आणि तोवर दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नसते.

याच प्रकरणातले दोषारोपपत्र आणि नथुराम गोडसेचे निवेदन एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितले. दिल्ली पोलिसांनी अर्ज राष्ट्रीय अभिलेखागाराकडे ढकलला, अभिलेखागाराने येऊन पाहा म्हणून सांगितले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त श्रीधर आचार्युलु यांनी ते देण्याचा आदेश दिला. माहिती अधिकार कायद्यातच अशी तरतूद आहे की वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत बहुतेक अपवाद गळून पडतात. म्हणजे १९४८ चे दोषारोपपत्र उघडे आणि परवाचे बंद. इतिहासकाराला ते चालेल. ज्याची नोकरी या महिन्यात जाते आहे त्याने वीस वर्षे थांबावे का?

उघडे करायचे तर कसे, याचा एक नमुना जर्मनीत आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे दफ्तर जाळायचे की पुरायचे असा वाद एकीकरणानंतर पेटला होता. १९९१ च्या अखेरीस कायदा झाला आणि जानेवारी १९९२ पासून ज्याच्यावर पाळत होती त्याला स्वतःची फाइल वाचता येऊ लागली. इतर निरपराधांची नावे काळी करून प्रती दिल्या जातात. ते हुकूमशाहीचे दफ्तर, आपले लोकशाहीतले रोजचे कामकाज, त्यामुळे तुलना ताणू नये. पण उघडे की बंद या दोनच पर्यायांत अडकायची गरज नाही, एवढे त्यातून कळते.

फेरविचार व्हावा तो याच दिशेने. न्यायालयाने दखल घेतल्यावर दोषारोपपत्राचा मुख्य भाग, म्हणजे कोणावर कोणते कलम, कोणाला वगळले आणि का, हा उघडा असावा. जबाब, पत्ते, फोन, वैद्यकीय कागद झाकलेले असावेत. फिर्यादीत ज्याचे नाव आले त्याला, तो पुढे आरोपी राहो वा न राहो, प्रत हक्काने मिळावी. आणि संकेतस्थळावरच्या प्रत्येक फिर्यादीशेजारी तिचे पुढे काय झाले ते एका ओळीत लिहावे: नाव वगळले, निर्दोष सुटका, शिक्षा, तपास चालू. या शेवटच्या ओळीसाठी गोपनीयतेचा कुठलाही पेच आड येत नाही. केवळ ती लिहिण्याचे काम कुणाकडे तरी असावे लागते.

आरोपींच्या खासगीपणाची काळजी म्हणून २०२३ च्या निकालाला मी मान डोलावली होती, ती काळजी मी सोडलेली नाही. फक्त दार बंद ठेवल्याने ती घेतली जाते हा माझा समज गेला.

त्या काकू अधूनमधून मंडईत भेटतात. मुलाला दुसरीकडे काम मिळाले आहे, पगार थोडा कमी. ती फिर्याद संकेतस्थळावर अजून आहे, सहाही नावांसकट. मी केलेले भाषांतर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवले आहे. पुढच्या वेळी कुणी विचारले तर दाखवायला.